अंगठा आणि त्यामागील मजकूर



दिनांक १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांचा मोठा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. या उठावात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती लागले की ते चव्हाट्यावर आणून जाळण्यात येत. कारण उघड होते. त्या कागदांवर शेतकऱ्याने नांगराची निशाणी केली होती, परंतु त्या निशाणीच्या वर काय लिहिले आहे हे त्याला कोणी वाचून दाखविले नव्हते. शंभराचे दोनशे झाले, गहाणाचे खरेदीखत झाले, तरी निशाणी त्याचीच होती आणि न्यायालय निशाणीला मानत होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यातील व्याजाची व दिवाणी दाव्यांची कलमे इतिहासाच्या पुस्तकांत वाचावयास मिळतात. एका साध्या तरतुदीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, तो मोठ्याने वाचून दाखविला पाहिजे, करून देणाऱ्यास तो समजला आहे अशी निबंधकाची खात्री पटली पाहिजे आणि मगच निशाणी घेतली पाहिजे, असे तो कायदा सांगत होता. ज्याला वाचता येत नसे त्याच्या दस्तावर दोन प्रतिष्ठित साक्षीदारही लागत. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याचे संरक्षण त्या वेळी वऱ्हाडात असलेल्या बुलढाण्याच्या शेतकऱ्यास लाभले नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु कोणाचाही अंगठा घेण्यापूर्वी त्यामागील मजकूर त्याला ऐकविणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व या कायद्याने आपल्याकडे रुजविले. ‘आधार’च्या संदर्भात आज जो खाजगीपणाचा व सुरक्षिततेचा प्रश्न चर्चिला जातो, त्याचा गाभा बव्हंशी याच तत्त्वात आहे.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली, एखाद्या खेडुताला वर्षभरात किती वेळा यंत्रावर बोट ठेवावे लागते याचा हिशेब मांडून पाहावा. दरमहा स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावर एकदा. बँकमित्राकडून मजुरीचे किंवा अनुदानाचे पैसे काढताना पुन्हा. निवृत्तिवेतनधारक असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी, शेतकरी असेल तर किसान सन्मान निधीच्या पडताळणीसाठी. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज भरताना ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या त्या यासाठीच, आणि डिसेंबर २०१९ मध्ये घोषित झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतही प्रमाणीकरण झाल्यावाचून रक्कम जमा होत नव्हती. अलीकडे ‘ॲग्रिस्टॅक’खाली शेतकरी ओळख क्रमांक आला असून त्यायोगे सातबाराही आधारशी जोडला गेला आहे. ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द एके काळी निरक्षराची थट्टा करण्यासाठी वापरीत. आज प्राध्यापकही हजेरीसाठी यंत्रावर बोट ठेवतात, तेव्हा या शब्दातील थट्टेला फारसा अर्थ उरलेला नाही.

या व्यवस्थेने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिनांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आज ही संख्या १३० कोटींच्या पुढे गेली आहे. ज्याच्याजवळ जन्माचा दाखला नव्हता, शाळा सोडल्याचा दाखला नव्हता, घराचा उताराही नव्हता, अशा माणसाला स्वतःची ओळख पटवून देण्याचे साधन मिळाले. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील पाड्यावर राहणाऱ्या मजुराला दिवसाची मजुरी बुडवून बँकेच्या शाखेत जावे लागत असे. त्याचे काम गावातील बँकमित्राकडे होऊ लागले. ही सोय लहान नव्हे. प्रश्न सोय असावी की नसावी हा नसून ती कोणत्या रीतीने दिली जाते, हा आहे.

बोटांच्या ठशांचा इतिहासही हेच सांगतो. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या संपूर्ण पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतू एवढाच की, पुढे ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणण्यास त्याला वाव राहू नये. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात मोठा वाटा उचलला. जगात ती प्रसिद्ध झाली मात्र त्यांच्या इंग्रज वरिष्ठाच्या नावाने. त्यानंतर १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि नोंद झालेल्या जमातींच्या व्यक्तींचे ठसे घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास मिळाला. गुन्हा केला म्हणून नव्हे, जन्म त्या जमातीत झाला म्हणून. दिनांक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या शिक्क्यातून मुक्त झाल्या. बुलढाणा जिल्ह्यात आजही पारधी समाजाच्या वस्त्या आहेत, आणि त्या वस्तीतील वृद्धास ‘बोटे दाखवा’ असे कोणी म्हटले तर त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार खिडकीपलीकडील कर्मचाऱ्याने एकदा तरी करावा.

याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत गांधीजींसमोर हा प्रश्न उभा राहिला होता. ट्रान्सवालमधील प्रत्येक हिंदी माणसाने दाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा वटहुकूम निघाला, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथील सभेत त्याला विरोध करण्याची शपथ घेण्यात आली. सत्याग्रहाचा आरंभ तो हाच. पुढे १९०८ च्या प्रारंभी तडजोड झाली. सक्ती जाऊन नोंदणी स्वेच्छेची होणार असे ठरले, तेव्हा गांधीजी स्वतः ठसे देण्यास निघाले. वाटेतच त्यांच्या एका जुन्या अशिलाने त्यांना मारहाण केली. तोच ठसा कालपर्यंत अपमान होता, आज कसा नाही, हे त्या माणसाला उमगले नाही. गांधीजींच्या दृष्टीने मात्र धाक दाखवून घेतलेला ठसा आणि समजून-उमजून दिलेला ठसा या दोन भिन्न वस्तू होत्या. सरकारने शब्द पाळला नाही, असे दिसताच त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नोंदणीची प्रमाणपत्रे जाहीरपणे जाळण्यात आली.

खेड्यातील माणसाला खाजगीपणा हवा कशाला, असा एक प्रश्न नेहमी विचारला जातो. गावात सर्वांना सर्वांचे ठाऊक असते, मग लपवायचे ते काय? हा युक्तिवाद शहरात बसून करणे सोपे आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अल्पावधीत गळून टक्कल पडू लागले. तज्ज्ञांची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने गेले. त्याबरोबर रुग्णांचे उघडे चेहरेही दूरचित्रवाणीवरून आणि भ्रमणध्वनीवरून देशभर गेले. गावाला आजार ठाऊक होताच. परंतु शेजाऱ्याला ठाऊक असणे आणि अनोळखी कोट्यवधींनी पाहणे यांत अंतर आहे, आणि लग्नाच्या वयाची मुलगी ज्यांच्या घरी आहे त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. घरावर कर्ज किती, निराधार अनुदान कोणाला मिळते, कोणत्या स्त्रीच्या खात्यावर कधी पैसे जमा होतात, ही माहितीही याच जातीची आहे. ती योजनेसाठी सरकारला दिलेली असते, चावडीला नव्हे. दिनांक २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, तो शहरी सुशिक्षितांपुरता दिलेला नाही.

धोका नेमका कोठे आहे, हेही नीट पाहिले पाहिजे. दुकानातील यंत्रावर बोट ठेवले असता ठशाची माहिती सांकेतिक रूपात केंद्रीय भांडारापर्यंत जाते आणि बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर परत येते. आजवर गाजलेल्या प्रकारांतील गळती प्रामुख्याने या भांडारातून झालेली नाही. ती कडेला, म्हणजे संकेतस्थळांवर, सेवा केंद्रांत, कार्यालयांच्या टेबलांवर झाली. २०१७ मध्ये केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे व इतर तपशील आधार क्रमांकांसह सर्वांना दिसत असल्याचे प्राधिकरणानेच मान्य केले. कोणी चोरी केली नव्हती. पारदर्शकतेच्या उत्साहात याद्या जशाच्या तशा चढविण्यात आल्या होत्या. आधार क्रमांक असा जाहीर करण्यास २०१६ च्या कायद्याच्या २९ व्या कलमानेच मनाई आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर लाभार्थ्यांची यादी लावणे योग्यच आहे, परंतु त्या यादीत बारा अंकी क्रमांकाचा रकाना असण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१८ मध्ये तेलंगणातील पेद्दापल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांवरून कृत्रिम ठसे तयार केले आणि परक्यांच्या नावावर हजारो सिमकार्डे चालू केली. जमिनीच्या दस्तावर अंगठा असतो आणि आधार क्रमांकही असतो. बँकमित्राकडे पैसे काढण्यास आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढे पुरते. दोन गोष्टी एकाच कागदावर मिळाल्या तर तिसरी शोधण्यास किती वेळ लागावा? प्राधिकरणाने नंतर जिवंत बोट आणि त्याची नक्कल यांतील भेद ओळखणारी तपासणी आणली, हे खरे. तरीही एक फरक उरतो. कुलपाची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. बोटे दहाच आहेत आणि ती बदलून मिळत नाहीत.

तिसरे उदाहरण विदर्भातलेच, आणि ग्रामपंचायतींनी विशेष लक्ष द्यावे असे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या लहानशा गावाच्या नावावर २०२५ मध्ये अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे त्या वर्षाच्या अखेरीस उघडकीस आले. गावाची लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. ग्रामपंचायतीच्या नावाचा संगणकीय प्रवेश कोणीतरी दुरून वापरला होता. जन्माच्या दाखल्यावर पुढील सर्व ओळखपत्रे उभी राहतात, म्हणून याचे गांभीर्य. ज्या कार्यालयात परवलीचा शब्द संगणकाच्या पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो, त्या कार्यालयाने ही हकीकत एकदा मासिक सभेत वाचावी.

सुरक्षिततेची आणखी एक बाजू आहे, आणि ती चोरीची नाही. कापसाच्या वेचणीत बोंडाची वाळलेली टोके बोटांना टोचत राहतात. सोयाबीनची सोंगणी, विटांचे काम, सिमेंट यांनी ठशाच्या रेषा पुसट होतात. म्हातारपणी तर त्या आपोआप झिजतात. जी बोटे आयुष्यभर सर्वांत अधिक राबली, तीच यंत्राला ओळखू येत नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तो उपासमारीने की आजाराने, याविषयी वाद झाला. कुटुंबाची शिधापत्रिका आधारशी न जोडल्याने रद्द झाली होती, हा आरोप मात्र देशभर गाजला. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र सरकारने राज्यांना लेखी कळविले की, आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणाने कोणासही धान्य नाकारू नये. अन्य ओळखपत्र पाहून, वहीत नोंद घेऊन ते द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात अनुदानाच्या योजनांसाठी आधारची आवश्यकता वैध ठरविली, पण वंचित कोणी राहता कामा नये हेही बजावले. ‘अंगठा लागत नाही, पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर देणारा दुकानदार बहुधा दुष्ट नसतो. ती वही ठेवावयाची असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

शिक्षकांची अडचण निराळी. शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदे, आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरू लागल्यापासून मुख्याध्यापकांच्या मागे हा एक व्याप लागला आहे. नावातील एका अक्षराच्या फरकाने मूल वर्गात असूनही यादीत नसते. मग पालकांकडे तगादा, आणि आधारच्या छायाप्रती मुलाच्या दप्तरातून किंवा गटसंदेशातून मागविणे सुरू होते. वस्तुतः वरील निकालाप्रमाणे शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे नाही, मुलाच्या नोंदणीस पालकांची संमती हवी, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत क्रमांक रद्द करण्याचा पर्यायही त्या मुलास दिला आहे. ‘अपार’ क्रमांकासाठीही पालकांचे संमतिपत्र घ्यावयाचे असते. ते संमतिपत्र आधी सही घेऊन मागाहून भरण्यात आले, तर १८७५ चा कोरा कागद काही वेगळा नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे यावयास हरकत नाही. आधार कायद्याच्या आठव्या कलमात असे म्हटले आहे की, ओळख पडताळणाऱ्या संस्थेने त्या व्यक्तीची संमती घ्यावी, आणि तिला तीन गोष्टी कळवाव्यात: कोणती माहिती घेतली जाईल, ती कशासाठी वापरली जाईल, आणि ही माहिती द्यावयाची नसेल तर दुसरा कोणता मार्ग आहे. १८७९ च्या ग्रामनिबंधकाचेच हे काम आहे. व्यवहारात मात्र ही संमती पडद्यावरील एका चौकोनात असते. चौकोनावर खूण कर्मचारी करतो. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. बोट ठेवणाऱ्याला फक्त लाल दिवा दिसतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची पडताळणी २०२५ मध्ये झाली, तेव्हा भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक हाच अंगठा झाला होता. बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याच्या सूचनाही द्याव्या लागल्या. तो क्रमांक सांगणे म्हणजे निशाणी करणे होय, हे किती भगिनींना कोणी सांगितले असेल?

सांगण्यास लागणारा वेळ फार नाही. ‘आजी, हे बोट या महिन्याच्या तांदूळ-गव्हासाठी आहे. पाच किलोंप्रमाणे चार माणसांचे वीस किलो लिहिले आहेत. बोट लागले नाही तर वहीत नाव लिहून धान्य देतो.’ एवढे बोलण्यास अर्धा मिनिट पुरतो. बँकमित्राने रक्कम मोठ्याने सांगावी आणि पावती द्यावी. पावती नसेल तर एका रकमेसाठी दोनदा बोट का मागितले, हे विचारण्याचा हक्क ग्राहकास आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी १९४७ या दूरध्वनी क्रमांकावर विचारून किंवा सेवा केंद्रात जाऊन आपले ठसे कुलूपबंद करून घ्यावेत, काम पडेल तेव्हा उघडावेत. जेथे छायाप्रत द्यावीच लागते तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत चालते. शाळेतील आठवी-नववीची मुले हे घरच्यांना सहज करून देतील. तो एक चांगला गृहपाठ होईल.

राहता राहिली कपाटे. २०१७ च्या कर्जमाफीपासून आजवर प्रत्येक योजनेच्या अर्जासोबत आधारच्या छायाप्रती आल्या. त्या ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, सोसायटीच्या कार्यालयांत सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत पडून आहेत. काहींवर बँकेच्या पासबुकाची प्रतही टाचलेली आहे. रद्दीवाल्याकडे आणि तेथून भेळेच्या गाडीवर त्या कधी जातील याचा भरवसा नाही. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अंमलात येत असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. हेतू पूर्ण झाल्यावर माहिती नष्ट करावी, अशी त्याची दिशा आहे. अभिलेखांचे वर्गीकरण करून मुदत संपलेले कागद नष्ट करण्याची पद्धत तर कार्यालयांना जुनीच आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एवढाच विषय घेता येईल: आपल्या कपाटांत कोणाकोणाच्या प्रती आहेत, त्या कोणत्या कामासाठी घेतल्या होत्या, आणि ते काम कधीच संपलेले असल्यास कोणत्या दिवशी, कोणाच्या समक्ष त्या फाडावयाच्या.